टोकाला टोक

तीन वर्षं माझे हात थरथरत होते. निदान सगळे तसं म्हणत होते, आणि सगळे म्हणायला लागल्यावर मीही म्हणायला लागले. पहिल्यांदा ते माझ्या भावोजींनी सांगितलं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. ते तंत्रशाळेत तीस वर्षं लेथ शिकवतात, त्यामुळे हातांच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम बावीस वर्षं केलं होतं. त्या कामावरून माझी उचलबांगडी झाली ती याच एका शब्दावर.

मी रागीट आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको.

पन्नाशी उलटल्यावर मी लाकूडकामाचा एक जुना लेथ विकत घेतला. हौशी लोकांसाठी बनवलेला, टेबलावर मावणारा, हिरवा रंग जागोजागी उडालेला. मी एकटी राहते, लग्न केलं नाही, दिवसभर काचांवर डोळे ताणल्यावर संध्याकाळी हातांना काहीतरी जाडंभरडं हवं वाटायचं. लेथचं गणित साधं असतं. डाव्या डोक्याला मोटर जोडलेली, ते लाकडाला फिरवतं. उजवीकडे टेलस्टॉक नावाचं सरकतं डोकं, त्याच्या दांड्याचं टोक लाकडाची दुसरी बाजू धरून ठेवतं. आपण मध्ये पटाशी टेकवायची आणि नको ते काढून टाकायचं.

माझ्या लेथच्या दांड्याचं टोक फिरत नसे. लाकूड गरगर फिरायचं आणि टोक आपलं ढिम्म. घासून घासून धूर निघायचा. मेणबत्तीचं मेण चोळलं तरी दहा मिनिटांत करपल्याचा वास, आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाला काळा ठिपका. शेजारीण खिडकीतून विचारायची, "आज काय लागलं बुडाला?" यावर उपाय म्हणजे लाइव्ह सेंटर. बेअरिंगवर बसवलेलं, लाकडाबरोबर फिरणारं टोक. ते मी विकत आणलं. पण माझा जुना दांडा भरीव होता, त्यात सेंटरची निमुळती शेपटी बसेल असं भोक पाडायला हवं होतं. ताईकडे जेवताना मी विषय काढला.

"आण इकडे दांडा," भावोजी म्हणाले. "तुझ्यानं नाही व्हायचं हे. हे काय चष्मे पुसणं आहे, मेव्हणीबाई?"

मी हसले. त्या काळी मी हसत असे. दांडा आणि सेंटर दोन्ही त्यांच्या हवाली केलं. पंधरा दिवसांनी त्यांनी ते परत दिलं, भोक पाडलेलं, सेंटर ठोकून बसवलेलं, वर तेलाचा हात फिरवलेला. उपकाराची फेड म्हणून मी त्यांना चांगल्यातला एक शर्ट घेतला.

धूर बंद झाला. पण त्या दिवसापासून माझ्या हातचं एकही लाकूड गुळगुळीत निघेना. पटाशी कितीही हलकी टेकवली तरी अंगभर बारीक लाटा उठायच्या. लाकूड पाच मिनिटांत सैल व्हायचं, खडखडायचं. उलटं करून पुन्हा लावलं की हेलकावे खायचं. मी पटाश्या पुन्हा पुन्हा पाजळल्या, वेग कमी केला, वाढवला, श्वास रोखून काम केलं. लाटा जिथल्या तिथे.

भाचीच्या वाढदिवसाला ताईकडे पंधरावीस माणसं जमली होती. मी तिच्यासाठी लाकडाची एक छोटी डबी केली होती, जमेल तितकी घासून गुळगुळीत केलेली. भावोजींनी ती माझ्या हातून घेतली, नखानं तिच्यावरून एक रेघ ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेव्हणीबाई, हात कापतो तुझा."

"नाही हो," मी म्हणाले. "मशीनमध्येच काहीतरी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं!" ते म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार?

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरले असते. पण आमच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक भावोजींच्या ओळखीचे. मालकांचा सख्खा भाऊ म्हणजे भावोजींच्या तंत्रशाळेचा प्राचार्य. महिन्याभरात मालकांनी मला आत बोलावलं. खुर्चीवर बसा म्हणाले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट आहे, कारण एरवी ते कोणाला बसा म्हणत नाहीत.

"तुमचे भावोजी, सर, म्हणत होते, तुमच्या हाताला कंप आहे. त्यांनी स्वतः पाहिलंय. आता बघा, चूक तुमची नाही, वयाची आहे. पण काच आहे ही."

आमच्या कामात काचेचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर यावा लागतो. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं आणि ते आठवड्याभरात चष्मा परत आणून आदळतं. बावीस वर्षांत माझ्याकडे किती परत आले ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. पण मालक माझ्या शेजारी उभे राहिले आणि माझ्या बोटांकडे टक लावून बघू लागले, तेव्हा माझा हात खरोखरच हलला. हात कापतो असं सांगून कोणी असं बघत राहिलं तर कोणाचा कापणार नाही? मला मशीनवरून उठवलं आणि काउंटरवर बसवलं. तिथे मी चष्म्याची घरं पुसायची आणि गिऱ्हाइकांना आरसा दाखवायचा. माझ्या जागी एक नवीन मुलगी आली.

ताईनं मला डॉक्टरकडे नेलं. मज्जातंतूंचे मोठे डॉक्टर. त्यांनी नाकाला बोट लावायला सांगितलं, वर्तुळं काढायला लावली, आणि म्हणाले, मला तरी काही दिसत नाही. ताईचं समाधान होईना. ती पिशवीतून कागद काढून एकेक प्रश्न विचारत राहिली. सुरुवात कशी होते? वाढायला किती वर्षं लागतात? कुठली गोळी, सकाळी की संध्याकाळी? सगळं तिनं लिहून घेतलं. माझी बहीण माझ्यासाठी किती करते म्हणून मला तेव्हा भरून आलं होतं. आग्रह करून लिहून घेतलेली औषधाची चिठ्ठी तिनंच पर्समध्ये ठेवली, म्हणाली, "लागेल तेव्हा बघू."

तीन वर्षं अशी गेली. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरायला लागले. सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घेऊ लागले. आणि या वर्षी ठरवलं की लेथ विकून टाकायचा, उगीच डोळ्यांसमोर नको.

विकायचा म्हणून मी तो पुसायला घेतला. टेलस्टॉकखालचा भुसा काढायचा होता, तेव्हा तो सरकवत सरकवत पार डावीकडे मोटरच्या डोक्यापर्यंत नेला. एरवी दोन्ही डोक्यांच्या मध्ये लाकूड असायचंच, त्यामुळे ती दोन टोकं एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. त्या दुपारी भेटली. म्हणजे भेटली नाहीत, तेच तर सांगतेय. डावं टोक सरळ समोर बघत होतं. उजवं, भावोजींनी बसवलेलं, त्याच्या खाली आणि बाजूला, चांगलं जाड नाणं मावेल इतकं अंतर सोडून, भलतीकडेच तोंड करून उभं होतं.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दांडा बाहेर काढून गुण्याला लावला. दांडा सरळसोट होता. सेंटर काढून भोकात टॉर्च मारली तर आतली चकाकी एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. भोक तिरकं गेलं होतं. अर्धा मिलिमीटर चुकला म्हणून गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं, आणि हा माणूस दीड मिलिमीटर चुकून मलाच थरथरणारी म्हणत होता. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते वाकडं करणाऱ्यानंच ती म्हण माझ्या तोंडावर फेकली होती.

मी जमिनीवर बसले आणि मोठ्यांदा शिव्या दिल्या. ज्या मला येतात असं मला माहीत नव्हतं त्यासुद्धा दिल्या. शेजारणीनं खिडकी लावून घेतली. त्या क्षणी फोन उचलून भावोजींना झापणं सोपं होतं, पण नुसतं झापलं असतं तर ते म्हणाले असते, तुझ्या हातून पडला असेल, आणि ताईनं मान डोलावली असती. मला त्यांच्या तोंडून, मालकांच्या कानात, माझे हात चांगले आहेत हे वदवून घ्यायचं होतं. मला माझी जागा परत हवी होती. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा उतरलेला चेहरा बघायचा होता. त्यासाठी महिनाभर तोंड दाबून बसायची माझी तयारी होती.

औद्योगिक वसाहतीत एक टर्नर आहे, लोखंडाच्या लेथवर काम करणारा, तोंडात कायम लवंग. त्याला जुना दांडा दाखवला.

"कोणी पाडलं हे?" त्यानं विचारलं.

"लेथ शिकवणाऱ्या मास्तरांनी."

त्यानं भोकाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "मशीनवर नाही पाडलेलं हे, ताई. हातातल्या ड्रिलनं पाडलंय. आणि हात काही धड नव्हता." मग त्याला वाटलं आपण जास्त बोललो, म्हणून तो दुसऱ्याच कामाला लागला. मी ते ऐकलं, पण माझं लक्ष सगळं रागाकडे होतं. आळस केला, घरीच उरकलं, इतकाच अर्थ मी काढला.

त्यानं मला तसाच नवीन भरीव दांडा करून दिला. "भोक पण पाडून द्या," मी म्हणाले, तर त्यानं मान हलवली.

"मी पाडलं तर ते माझ्या मशीनच्या मध्यावर पडेल. तुमचं मशीन जुनं, त्याची स्वतःची काय खोड असेल कोणाला ठाऊक. लेथचं भोक लेथलाच पाडू द्या. ड्रिल डाव्या डोक्यात, मोटरच्या बाजूला पकडा. दांडा टेलस्टॉकमध्ये त्याच्या जागी घाला आणि चाक फिरवत ड्रिलवर ढकला. ड्रिल जिथे फिरतंय तोच मध्य. चुकायची सोयच नाही. तुमच्या हाताला फक्त चाक फिरवायचंय."

"माझे हात कापतात म्हणे," मी म्हणाले.

त्यानं माझ्या हातांकडे बघितलंसुद्धा नाही. "कापेनात का. चाक कुठे पळून जातंय?"

दोन रविवार गेले. पहिल्यांदा नुसता खळगा पाडायला आखूड जाड ड्रिल, कारण बारीक ड्रिल लोखंडाला टेकल्याबरोबर वाकतं आणि भलतीकडे शिरतं. वेग सगळ्यात कमी. मग बारीक, मग त्याहून जाड, असं एकेक पायरी चढत. तापणाऱ्या टोकावर थेंब थेंब तेल सोडायचं, चाक थोडं पुढे, थोडं मागे, चुरा झटकायचा. तिसऱ्या ड्रिलच्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी डाव्या हातात सुईसारख्या तोंडाची तेलाची बाटली धरून फिरत्या ड्रिलच्या नेमक्या टोकावर थेंब सोडतेय, अर्धा तास, आणि एकही थेंब बाजूला पडलेला नाही. मी हात तसाच हवेत धरला. बघत राहिले. हात जागचा हलला नाही.

शेवटी निमुळतं रीमर लावून, मोटर बंद करून, पट्टा हातानं ओढत भोकाला शेपटीच्या मापाचा उतार दिला. सेंटर आत सरकवलं. तळहातानं एक दणका दिला आणि ते बसलं. मग टेलस्टॉक ढकलत डावीकडे नेला. दोन टोकं एकमेकांना टेकली, मध्ये सिगारेटचा कागद अडकवला तर तो बरोबर दोघांच्या मध्ये टोचला गेला.

एक साधा लाकडी दांडका लावला आणि वरपासून खालपर्यंत पटाशी फिरवली. लांब सळसळीत साल निघाली. मोटर बंद करून बोट फिरवलं. एकही लाट नाही. मी भुश्यात बसून रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि टर्नरकडे जाऊन एक सळई करून घेतली, शेपटी सेंटरसारखी निमुळती, पुढे वीतभर सरळ. वाकड्या भोकात ती घातली की भोक कुठे बघतंय ते आंधळ्यालाही दिसेल.

पुढच्या रविवारी दुपारी मी ताईकडे जेवायला गेले. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना दांडा आणि सळई. जाताना आरशासमोर चार वाक्यं म्हणून बघितली होती, एकाहून एक झोंबरी. आम्ही तिघंच होतो, भाची आता दुसऱ्या शहरात असते. ताईनं वाढलं. भावोजी नेहमीसारखे मला "काय मेव्हणीबाई, काउंटर काय म्हणतंय?" असं म्हणाले. मी दोन घास खाल्ले आणि पुडकं टेबलावर सोडवलं.

"हे काय?" ताई म्हणाली. "जेवताना लोखंड?"

"भावोजी, हा तुम्ही भोक पाडलेला दांडा. ही सरळ सळई. घाला बघू भोकात."

मी दांडा त्यांच्या ताटाशेजारी उभा केला. ते त्याच्याकडे बघत राहिले. "जेवू दे आधी."

"तीन वर्षं थांबलेय मी."

"पडला असेल तुझ्या हातून. वाकला असेल."

"दांडा वाकलेला नाही. गुण्याला लावून बघितलाय. वाकडं फक्त भोक आहे. घाला."

"चिमे, पुरे आता," ताई म्हणाली. ती मला लहानपणापासून चिमी म्हणते. "त्यांना जेवू दे."

"घाला म्हणतेय ना मी!"

त्यांनी उजवा हात टेबलाखालून वर काढला. जेवताना माणसाचा हात टेबलाखाली कशाला असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यांनी सळई उचलली, तिचं निमुळतं टोक भोकाच्या तोंडाशी नेलं, आणि आवाज यायला लागला. टक टक टक टक. सळई भोकाच्या काठावर आपटत होती. अंगठ्याएवढं भोक, पेन्सिलीएवढं टोक, आणि ते आत जाईना. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. आवाज वाढला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या टोकाकडेच बघत होते, शाळेतलं पोर फळ्याकडे बघतं तसं.

ताईनं चमचा खाली ठेवला, त्यांचं मनगट धरलं आणि सळई भोकात सोडली. सवयीनं केल्यासारखं, न बघता. सळई तिरकी उभी राहिली. मी महिनाभर वाट बघितली होती त्या तिरक्या सळईची, आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

मी ताईच्या हाताकडे बघत होते. किती तरी दिवस ती त्यांना चहा अर्धा कपच देते. मी आणलेला शर्ट त्यांनी कधी घातला नाही, ते आता गळ्यातून घालायचे बिनबटणांचे कपडेच घालतात. मी बावीस वर्षं अर्धा मिलिमीटर शोधणारी बाई, आणि मला हे दिसलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार वर्षं," ताई म्हणाली.

"म्हणजे दांडा घेतलात तेव्हा..."

"जमेल वाटलं," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "शाळेत नेला असता तर मशीनवर बांधून मध्य तपासायचा डायल लावावा लागला असता. पोरं बघत असतात. म्हणून घरीच केला."

"वाकडं गेलेलं दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शर्ट घेऊन आलीस."

मी काही बोलणार इतक्यात ताई घाईघाईनं म्हणाली, "वाढदिवसाला त्यांच्या हातून सरबत सांडलं होतं गं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. तेवढ्यात तू ती डबी पुढे केलीस. त्यांच्या तोंडून निघून गेलं."

"आणि मालकांना सांगितलं तेही निघूनच गेलं का? एवढं कसं काय निघून जातं तुमच्या तोंडून? झाकण नाही का?"

भावोजींचे दोन्ही हात पुन्हा टेबलाखाली गेले होते.

मग मी ताईकडे वळले, कारण मला एकदम तो कागद आठवला. "डॉक्टरला ते सगळे प्रश्न तू कोणासाठी विचारत होतीस?"

ताईनं पदराशी चाळा केला नाही, रडली नाही. ती सरळ म्हणाली, "त्यांना नेता येत नव्हतं. नाव नोंदलं जातं. शाळेत कळलं असतं तर मशीनवरून उठवलं असतं."

"मला उठवलं ते चाललं?"

"दोन वर्षं राहिलीत गं त्यांची निवृत्तीला. मग सांगणारच होतो तुला. आणि तुझं काय बिघडलंय, चिमे? बसून काम. काउंटरवर तुला पंखा तरी आहे."

पंखा. तीन वर्षं मी स्वतःच्या बोटांना घाबरून जगले, रात्री पेल्यात पाणी ओतताना डोळे मिटून घेतले, आणि माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्या डोक्यावर पंखा आहे का ते बघून ठेवलं होतं. भावोजींवरचा राग मी महिनाभर जपून आणला होता. हा नवा राग मला सांभाळता येईना.

"मालकांना फोन लावा," मी म्हणाले. "आत्ता. स्पीकरवर. नाहीतर हा दांडा आणि ही सळई घेऊन मी उद्या सकाळी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवते."

भावोजींनी ताईकडे बघितलं. ताईनं फोन घेतला, नंबर शोधला, लावला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. मालक खुशीत होते, रविवारची झोप काढून उठलेले.

"बोला सर! आज कशी काय आठवण?"

"ते... मेव्हणीबद्दल बोलायचं होतं," भावोजी म्हणाले. "माझी चूक झाली. तिच्या लेथच्या दांड्याला भोक मी पाडलं होतं. ते वाकडं गेलं. त्यामुळे तिचं काम बिघडत होतं. तिचे हात चांगले आहेत. तिला काही झालेलं नाही."

"अरे देवा! आणि मी बाईंना तीन वर्षं घरं पुसायला लावली? मग उद्यापासूनच बसू दे मशीनवर. या नव्या मुलीनं या महिन्यात तीन फ्रेमा फोडल्यात. बरं झालं सांगितलंत."

माझी जागा मला परत मिळाली होती. ज्यासाठी मी आले होते ते झालं होतं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्या हलक्या झालेल्या जागेत राग आणखी ऐसपैस बसला.

"पण सर," मालक हसत म्हणाले, "तुमच्या हातून भोक वाकडं? माझा भाऊ तर पोरांना तुमचं उदाहरण देतो. असं झालं तरी कसं?"

फोनमधून मालकांच्या घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता. ताई माझ्याकडे बघत होती. तिनं ओठ न उघडता मान हलवली, एकदा, बारीकशी. लहानपणी मी घरात काही सांगून टाकणार असले की ती अशीच मान हलवायची, आणि मी गप्प बसायचे. या वेळीही गप्प बसता आलं असतं. "गेलं असेल चुकून" असं भावोजी म्हणाले असते, मालक हसले असते, फोन बंद झाला असता. दोन वर्षं काय, बघता बघता गेली असती.

"सांगा की, भावोजी," मी म्हणाले.

"कोण बोलतंय?" मालक म्हणाले.

"मीच आहे, मालक. थांबा जरा. भावोजी सांगतायत तुम्हाला. नीट ऐकून घ्या."

भावोजींनी डोळे मिटले. "माझे हात कापतात," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. माझेच कापतात."

मालक अगदी हळू आवाजात, बसा म्हणताना त्यांचा असतो तसल्या आवाजात म्हणाले, "बरं. बरं सर. मी बोलतो भावाशी." आणि फोन बंद झाला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पोटभर बरं वाटलं. मी चमचा उचलला.

ताई उठली. तिनं भावोजींचं ताट उचललं नाही, स्वतःचं उचललं नाही. माझ्या पुढ्यातलं ताट उचललं आणि आत घेऊन गेली. मी अजून जेवत होते.